नऊ वाजून आठ मिनिटं

उमेओत डिसेंबरमध्ये दुपारी दोनलाच दिवस मिटतो.
दुसऱ्या मजल्यावर आम्ही एक पोर वाढवतोय :
बावीस किलो, चार वर्षांच्या मुलाएवढी उंची,
पापण्या रबराच्या, पोट नाही.
मी त्याच्या बोटांतल्या तारा बदलतो. बाकीचं इल्वा बघते.

अकरा महिने इल्वा त्याला बोट दाखवत होती.
तो बोटाकडेच बघायचा.
लाल चेंडू कोपऱ्यात, आणि हा आपला
तिच्या नखाकडे, नखाखालच्या शाईकडे एकटक.
खिडकीबाहेर बर्चवर बसणारा करड्या मानेचा कावळा मात्र
आमची नुसती नजर वळली तरी
त्या दिशेला मान वाकडी करून बघायचा.
त्याला कुणी अनुदान दिलं नव्हतं.

रात्री नऊ-दहाला होदान फरशी पुसायला यायची.
त्याच्याशी सोमालीत बोलायची :
पाय उचल, पाणी गार झालं, भाऊ आज फोन करणार होता, असं काहीबाही.
बोलून झालं की थांबायची,
त्याच्या उत्तरापुरती जागा सोडून.
मग स्वतःच ‘हो ना’ म्हणायची.
पुढची फरशी.

फेब्रुवारीत आम्ही नोंदी चाळल्या.
नऊ वाजून आठ मिनिटांनी, रोज,
त्याची मान दाराकडे.
पाऊल वाजण्याआधी, दिवा लागण्याआधी.
इल्वानं लिहिलं : कालाधारित पूर्वानुमान.
होदान म्हणाली, वाट बघतोय.
माझी इफ्राह सात महिन्यांची असताना
मी बेकरीची रात्रपाळी संपवून यायचे, तेव्हा तीही अशीच –
वाक्य पुरं न करता तिनं बादली उचलली.

मार्चमध्ये तिचे वडील गेले. ती हार्गेसाला.
पहिल्या रात्री मान वळली ती साडेनऊपर्यंत तशीच.
तिसऱ्या रात्री नऊ बावीस.
पाचव्या रात्री नऊ अकरा.
नवव्या रात्री त्यानं दाराकडे पाहिलंच नाही.
आलेख सुरेख उतरला होता.
इल्वा म्हणाली, शिकला.
आणि पेन्सिल दातांत धरून बराच वेळ बसून राहिली.

मी गोठलेल्या नदीच्या कडेकडेनं घरी गेलो.
पुलाखाली बर्फात कुणाची तरी सायकल रुतली होती.
माझंही असंच झालं असणार कधीतरी,
कुठल्यातरी दाराबाबत.
कितव्या रात्री, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

एप्रिलात होदान आली, उशिरा, खंगून.
तो वळला नाही.
तिनं नेहमीच्या जागी बादली ठेवली,
बोलली, थांबली, जागा सोडली.
मग काय मनात आलं कोण जाणे,
लाल चेंडूकडे बोट केलं.
तो बोटाकडे बघत राहिला, नेहमीसारखा.
मग बोटावरून मनगटाकडे,
मनगटावरून वर, तिच्या चेहऱ्याकडे.
तिथे थांबला.

चेंडू कोपऱ्यातच होता.
त्याचं कुणालाच काही पडलं नव्हतं.