श्रवणचाचणी, कुसुंबा

सहा नमुने. वीस-वीस सेकंदांचे.
सहाही पासष्ट डेसिबलवर आणून ठेवलेले,
म्हणजे मीटरच्या लेखी सगळे सख्खे भाऊ.
मला शोधायचा होता त्यांच्यातला सावत्रपणा:
कोण टोचतो, कोण खरवडतो,
कोण नुसताच येऊन बसतो छातीवर
आणि उठायचं नाव घेत नाही.

शाळेची खोली. खिडकीला गोधडी ठोकलेली,
तरी केळीचे ट्रक आत येतच होते.
प्रमिला झोपेने हेडफोन पदरावरून घातला,
म्हणाली, तिसरा म्हणजे
मिक्सरमध्ये चमचा राहिला तसा.
देवचंद सपकाळेने शून्य ते दहाच्या पट्टीवर
चौदा लिहिलं, खाली सही केली.

मग ओंकार नेहेते.
भुसावळला पस्तीस वर्षं
उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत चाललेले.
चांगलं चाक गातं, तडकलेलं खोकतं –
हे मी विचारलं नव्हतं.
पहिल्याला म्हणाले, घुमारा आहे, चालेल.
दुसऱ्याच्या शिट्टीला धार.
चौथ्याचा पंखा नवा, बसवणारा घाईचा.
मी भराभर भरत होते
तीक्ष्णतेचा रकाना, खरखरीचा रकाना.

पाचव्याला त्यांनी हात वर केला.
"परत लाव."
लावला.
"आजून एकदा."
मग पेन्सिल उचलली, दहा लिहिले.

पाचवा तर सगळ्यात मऊ.
संध्याकाळचं विमान, इंजिन जवळजवळ मिटलेलं,
उतरणीवर वाऱ्याचं नुसतं पातळ फडकं.
माझ्या आलेखात तो पार तळाशी.

"इमानाचं काही नही व," ते म्हणाले,
"त्याच्याखाले एक बाई कोनाले तरी हाक मारते.
'आरे, सु–' इतकंच येतं.
सुपडू का सुभाष, मले समजू देत नही ते."

रात्री जळगावच्या लॉजवर
मी तो नमुना पसरून पाहिला.
अकराव्या सेकंदाला खरंच आहे ती,
केसाएवढी रेघ.
रेकॉर्डर गच्चीवर मीच ठेवला होता,
महिनाभर मीच ऐकत होते.

नियमाने असा नमुना बाद.
शेऱ्याला जागा दीड ओळ. लिहिलं:
आवाज सौम्य. हाक अपुरी.

सकाळी नेहेते शाळेच्या फाटकाशी.
"सापडला का व, सु?"
मी काही बोलणार तोच वर विमान आलं
आणि आम्ही दोघं, मान न उचलता,
खाली ऐकत राहिलो.