तीनशे अठराचा पत्ता

मी आधी कोपरे बघतो.
चेहरे नंतर, तेही भिंगाखाली.
एरीच्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये
मार्चातल्या दुसऱ्या रविवारी
घडीचं टेबल मांडतो.
बाहेर सरोवरावर बर्फ अजून घट्ट,
आत कॉफी, ओले बूट,
आणि साठ वर्षांपूर्वीच्या च्युइंगमची साखर
पत्त्यांच्या पाठीवर डाग होऊन बसलेली.

अर्डिथ नोवॉटनी आली ती स्केट्सचं खोकं घेऊन.
आत स्केट्स नव्हते.
"भावाचा सेट. पुरा आहे.
लाइल सगळ्यांना सांगायचा, पुरा आहे."
लाइल खनिजाच्या बोटीवर स्वयंपाकी होता,
ऑक्टोबरात गेला.

पुरा आहे असं सगळेच म्हणतात.
मी मोजतो.

चारशे बारा पत्ते, यादी धरून.
चाळीस मिनिटं लागतात,
समोरच्याशी बोललं नाही तर.
रबरबँडनं पहिल्याची आणि शेवटच्याची कंबर कापलेली.
एका पिचरला कुणीतरी निळ्या शाईनं मिशा काढलेल्या.
त्याला त्या शोभत होत्या,
पण सहा डॉलर कमी.

मग यादीचा पत्ता निघाला.
एकेका नंबरापुढे चिमुकला चौकोन,
एकेका चौकोनात पेन्सिलीची खूण.
यादी कोरी असती तर नव्वद डॉलर.
खुणा केलेलीचे सहा.
खोडून उपयोग नसतो, कागदावर वळ राहतात,
तिरका उजेड टाकला की दिसतात.
ज्यासाठी ती छापली तेच पोरांनी केलं
की भाव पडतो.
हा नियम मी केलेला नाही.

तीनशे सोळा. तीनशे सतरा.
तीनशे एकोणीस.
मागे गेलो, पुन्हा मोजलं.
तीनशे अठराचा पत्ताच नव्हता.
यादीत मात्र खूण होती,
बाकीच्यांहून ठळक, उलट्या बाजूला कललेली.

"ती माझी," अर्डिथ म्हणाली
आणि डाव्या हातानं नाक पुसलं.
"मी आठ वर्षांची. त्याचा पाय प्लास्टरमध्ये, जूनपासून.
वडील रोज गमचं पाकीट आणायचे,
रोज तोच तो शॉर्टस्टॉप निघायचा.
तीनशे अठरा आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता.
रात्री रडायचा. भिंत पातळ होती.
एकदा मी उठले आणि खूण केली."

"आणि सकाळी?"

"सकाळी त्यानं बघितली.
खूप वेळ बघितली.
मग म्हणाला, झाला पुरा,
आणि दूध मागितलं."

माझ्या खणात तीनशे अठरा होते.
तीन होते. चार डॉलरला एक.
क्लेम बार्टोश, राखीव कॅचर,
टोपी डोक्याहून मोठी.
मागच्या बाजूला सगळी कारकीर्द:
एकेचाळीस सामने,
आवडता छंद बदकांची शिकार.
तिनं तो उलटा केला, सुलटा केला.
"हा?" म्हणाली. "ह्याच्यासाठी?"
आणि इतकी हसली
की शेजारचा नाणेवाला मान वळवून बघत राहिला.

यादी तिनं विकली नाही.
चष्म्याच्या घरात ठेवली, घर पर्समध्ये.
बार्टोश टेबलावरच राहिला.
पैसे मी पुऱ्या सेटचे दिले.
का, ते विचारू नका,
बायकोनं विचारून झालंय.

गुरुवारी टोलेडोच्या एका दंतवैद्यानं तो नेला.
माझा बार्टोश आत, माझी कोरी यादी आत,
चारशे बारा, एकही कमी नाही.
पावती मागितली, दिली. चोख.

महिनाअखेरीस शिल्लक माल मोजायला बसलो.
खणात तीनशे अठरा दोन.
पेन बाजूला ठेवलं
आणि वहीत लिहिलं, पेन्सिलनं,
तीन.
अजून खोडलेलं नाही.