तवखिरीची पिशवी

सुकवंताबाईनं आणली
ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात, गाठ मारून.
"दोन किलो हाय सर. मोजून घ्या."
प्रयोगशाळेच्या तराजूवर वीस ग्रॅम कमी भरली.
बोललो नाही.

पौषात ती रानातून कंद खणते,
दगडावर किसते, पाण्यात कालवते,
सकाळी पिवळं कडू पाणी ओतून देते.
पुन्हा पाणी. पुन्हा कडू.
सात रात्रींनंतर तळाशी जे निमूट बसतं
ते पांढरं.
पुस्तकात त्याला एका शब्दात 'स्टार्च' म्हटलंय.

ग्लिसरीन आणायला अर्जुनीला गेलो.
मेडिकलवाला म्हणाला, "टाचा फुटल्या का, सर?"
मी हो म्हणालो.
प्लास्टिक करायचंय म्हटलं असतं
तर बसायला खुर्ची देऊन चौकशी केली असती.

शाळेच्या मागच्या खोलीत, स्टोव्हवर,
तवखीर, पाणी, चमचाभर व्हिनेगर.
प्रणोती लांजेवार ढवळत होती, बारावीची,
आणि दारातून सुकवंताबाई,
"खाली लागू देऊ नको वं पोरी."
दुधासारखं होतं ते
हळूहळू काचेसारखं व्हायला लागलं,
कढईचा तळ दिसू लागला.

पहिला थर ताटलीतच तडकला, वैशाखातल्या बांधीसारखा.
दुसरा मुंग्यांनी नेला.
तिसऱ्याला बुरशी, हिरवी, देखणी.
चौथा निघाला तेव्हा पोरीनं तो खिडकीशी धरला
आणि त्यातून तिला पलीकडचा
हातपंप दिसला, थोडा वाकडा.

चाळीस पिशव्या झाल्या.
चाळीस करंजाची रोपं.
नर्सरीत काळ्या पिशव्या सुकवंताबाईच भरते,
शेकड्याच्या हिशोबानं,
आणि लावताना ब्लेडनं त्या तीच फाडते;
अंगठ्यावर त्याची पांढरी रेघ आहे.
मागल्या सालच्या पिशव्या तलावाच्या पाळीवर
अजून तशाच,
त्यांच्यावर छापलेलं मापही वाचता येतं.

या वेळी ब्लेड कमरेलाच राहिलं.
पिशवीसकट रोप खड्ड्यात.
ती क्षणभर थांबली,
कपडे न काढता कुणाला आंघोळ घालावी
तसं तिला वाटलं असावं.

भादव्यात आम्ही पाच खड्डे उकरले.
माती. मुळं. एक गांडूळ.
मुळांनी माती मुठीत धरावी तशी धरलेली.
प्रणोतीनं वहीत रकाना आखला होता: 'उरलेले अवशेष'.
पेन्सिल घेऊन ती बराच वेळ बसली.
मग लिहिलं: काही सापडलं नाही.
खोडलं.
पुन्हा तेच लिहिलं.

सुकवंताबाईनं खड्ड्यात डोकावून पाहिलं,
माती चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला.
"सात रात्री धुतली होती मी," ती म्हणाली,
"उपासाले खाल्ली असती त
आठ-दहा दिवस गेले असते."
मग खाली बसून तिनं
उकरलेली माती हातानं
रोपाभोवती परत ओढली,
आणि विचारलं,
"औंदा किती किलो लागन?"