अकरा चाळीस

रोज रात्री अकरा चाळीसला पिंग चारशेवर.
मी दारातच गोठलेला, हातात बंदूक,
कानात ओजस: "अरे हल की!"

आधी मैथिलीच्या मालिकेवर आळ घेतला. भांडण झालं.
केबलवाला म्हात्रे घणसोली गावातून दोनदा आला,
राउटर फ्रिजवर चढवून म्हणाला, आता पळेल.

काल लवकर मेलो, म्हणून पाणी प्यायला उठलो.
फ्रिजशेजारी मायक्रोवेव्ह घुमत होता,
आत वरणभात.
बाबा समोर उभे, अंगात अजून रबाळ्याच्या कंपनीचा शर्ट,
बोट दाराच्या बटणावर:
बीप व्हायच्या आत उघडायचं,
आम्ही उठू नये म्हणून.

राउटर हलवायचाय. वायर पुरत नाही. बघू.

तोवर अडतीसलाच मी भिंतीआड बसतो.
ओजस विचारतो, "नेट गेलं का रे?"
"नाही," म्हणतो,
"आले."