चाळीस माग

पडद्यावर बावीस हजार ठिपके,
तांबडे, हिरवे, काही नुसते पिवळट.
माणसं मात्र बाराच:
सहा आजारी, सहा धडधाकट.

सातशे जनुकं एका सुरात वर गेली
तेव्हा केगावहून नान्नांना फोन लावला.
तिकडे माग खडखडत होते.
"सातशे साक्षीदार मिळाले!" मी ओरडले.
"एकाच गावचे का सगळे?"
आणि तेवढ्यात खडखडाट थांबला.

साखर पेठेतल्या शेडात
चाळीस माग एकदम गप्प.
त्यांचं आपसात काही ठरलं नव्हतं,
दुंडय्याच्या मागाला नरसम्माच्या मागाची
खबरही नव्हती.
लाइट गेली होती, एवढंच.

मग साक्षी किती धरायच्या?
चाळीस?

रात्री गणित पुन्हा उघडलं.
पहिल्याच ओळीत मी लिहून गेले होते,
'समजा, सगळी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.'
त्या एका 'समजा'वर
केवढी चादर विणून बसले होते मी.

जनुकांची आपसातली गाठ तशीच ठेवली,
फक्त आजारी-धडधाकट या चिठ्ठ्या फेटल्या.
बारा चिठ्ठ्या, सहा-सहाच्या
नऊशे चोवीस वाटण्या. जास्त होतच नाहीत.
त्यातल्या सव्वाशेंत
तसाच सातशेंचा घोळका उठला,
कुणी आजारी नसतानाही.

पहाटे नान्नांचा फोन.
"लाइट आली. ऐक."
आधी एकच माग.
बऱ्याच वेळानं दुसरा, कोपऱ्यातला, जरा खोकत.
बंद पडतात सगळे मिळून;
सुरू करायला
ज्याच्या त्याच्या मागाला हात लावावा लागतो.

मी फोन ठेवला नाही.
मोजत राहिले.