टँकर यायच्या आधी

दस्तगीर मुजावर बावीस वर्षं मस्कतला
पाणीखात्यात होते. हिशेब मांडायचे:
माणशी किती, खजुरीला किती,
अन् अजून न जन्मलेल्या पोरासाठी
वाळूखाली किती ठेवायचं.

परवा पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली.
उपसा केंद्राचे पंप बुडाले,
नळ कोरडे.
गुडघाभर पाण्यात आमची गल्ली
घागरी घेऊन उभी, टँकरची वाट बघत.

दस्तगीरभाई जिन्यावर बसून
वीजबिलाच्या पाठीमागं
आकडे लिहीत होते.
“काय मांडताय?”
“वाळवंट,” म्हणाले.
“तिथं निदान दिसायचं, भावा.”

टँकर आला. झुंबड.
माझी घागर भरून वाहू लागली तसा
न बोलता त्यांनी
खाली आपला तांब्या धरला.