जगाची सफर

बाहेर उणे एकोणतीस.
मैदानावर जायला बंदी.
मिनेसोटात फेब्रुवारी संपत नाही,
नुसता झिजतो.

गुरुवारी परीक्षा.
तिसरीच्या तेवीस डोक्यांत
हातचे, अपूर्णांक, अनेकवचनं, विरामचिन्हं
पुन्हा एकदा ओतायची आहेत
आणि सकाळचे दहाच वाजलेत.

मी पत्त्यांचा गठ्ठा काढते.
कडा कुरतडलेल्या, एकावर केचपचा डाग.
(नऊ गुणिले सहावर. तो डाग पाहूनच
निम्मी पोरं चोपन्न म्हणतात,
मला काय कळत नाही?)

"जगाची सफर!" कोल्टन ओरडतो
आणि कुणी न सांगता उभा राहतो.
नियम साधा:
दुसऱ्याच्या बाकाशी उभं राहायचं,
मी पत्ता दाखवणार,
आधी बोलेल तो पुढच्या देशात,
हरेल तो त्या खुर्चीत.
तेवीस बाक, तेवीस देश.
अब्दिरिझाकच्या देशात वाळलेली संत्र्याची सालं,
ग्रेटाच्या देशाला सीमाच नाही,
तिचा पसारा शेजारच्यांनी केव्हाच मान्य केलाय.

कोल्टन नऊ देश फिरला.
तीनशे दोनातून एकशे पंचावन्न गेले, एकशे सत्तेचाळीस.
एक चाइल्ड, अनेक चिल्ड्रन.
छाती पुढे, बुटाची नाडी सुटलेली.

दहावा देश सेर पॉचा.
ऑक्टोबरात आली.
तेव्हापासून माझ्याशी सतरा शब्द बोलली.
मोजले मी. सवय वाईट.

पत्ता वर केला: सात गुणिले आठ.
कोल्टनने छताकडे पाहिलं,
तिथे काही लिहिलेलं नव्हतं.
आणि खालून तीन बारीक आवाज आले,
दाणे टिपल्यासारखे,
टक, टक, टक.
मग कोल्टन: "छप्पन्न!"

आता आली पंचाईत.
बावीस माना माझ्याकडे.
आधी बोलेल तो, असं मीच म्हटलं होतं.
कुठल्या भाषेत, ते सांगायचं राहून गेलं होतं.

"छप्पन्नच म्हणाली ती,"
मागच्या बाकावरून लेर मू,
खोडरबराचे तुकडे करता करता.
"आमच्या चर्चमध्ये
गाण्याचा नंबर असाच सांगतात."

कोल्टनने मला पाहिलं. तिला पाहिलं.
मग तिच्या जागी बसला.
"खुर्ची गरम आहे," एवढंच म्हणाला.

ती चालू लागली.
अर्धा मोठा की एक तृतीयांश? तिने बोट दाखवलं.
वाक्य संपलं की विचारलं? तिने हवेत
प्रश्नचिन्हाचा आकडा काढला, टिंबासकट.
त्यांचं, तिथे, ते आहेत,
तीन स्पेलिंगं आणि तोंडातून एकच 'देअर',
या घोळात मोठी माणसंही पडतात.
ती फळ्याशी गेली, बरोबर त्याच शब्दाखाली
नख टेकवून परत आली.

मग यारेलीसमोर पत्ता निघाला: नाइफ.
स्पेलिंग तोंडीच, असा नियम.
यारेलीने 'एन'पासून सुरुवात केली,
कानाला जे ऐकू येतं तेच माणूस म्हणणार.
"के," सेर पॉ म्हणाली.
मोठ्याने. मग उरलेली चारही अक्षरं,
एकेक, पुसून ठेवल्यासारखी.

कुठे शिकलीस, विचारलं नाही.
तिची आई रात्रपाळीला,
कारखान्यात, डुकरांच्या रांगेवर.
पालकसभेला आली तेव्हा
उजव्या मनगटाला पट्टा होता
आणि सही करताना तिने
पेन डाव्या हातात घेतलं होतं.

अठराव्या देशात, ग्रेटापाशी, घंटा झाली.
जेवणाची रांग, डबे, धक्काबुक्की.
ती हलेना.
"उद्या इथून?"
मी मान हलवली.
तरी तिचा विश्वास बसला नसावा,
कारण तिने आपली पेन्सिल
ग्रेटाच्या पसाऱ्यात रोवून उभी केली,
रंगांच्या पेटीला टेकवून, खूण म्हणून.
"हात नाही लावणार," ग्रेटा म्हणाली.
तिच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट.

रांगेत ती कोल्टनच्या मागे.
तो ते तीन आवाज पुटपुटत होता,
मधला साफ चुकत होता.
तिने त्याच्या पाठीवर बोट टोचलं
आणि पुन्हा म्हणून दाखवलं,
हळू,
तिसरीच्या मुलाला समजेल असं.